कुलूप नेमकं कशाला लावायचं? मल्टिथ्रेडेड प्रोग्राममधला सामायिक डेटा सांभाळताना

एका सभागृहाच्या २०० जागा आरक्षित करून देणारा प्रोग्राम आहे असं धरू. मागण्या एकामागून एक हाताळल्या जात होत्या तोवर कुणाची तक्रार नव्हती. पुढे वेग हवा म्हणून प्रत्येक मागणी वेगळ्या थ्रेडवर (एकाच प्रोग्राममधला, इतरांसोबत समांतर चालणारा कामाचा धागा) टाकली, आणि एके दिवशी यादीत २०१ नावं निघाली. कोड उघडून पाहावा तर खोट काढायला जागा नाही:

    जर शिल्लक > ०:
        शिल्लक = शिल्लक − १
        यादीत नाव घाला

घोळ या ओळींत नाही, त्यांच्या मधल्या फटीत आहे. शेवटची एकच जागा उरली असताना दोन थ्रेड आले तर असं होऊ शकतं:

    थ्रेड अ: शिल्लक पाहिली, १ दिसली
    थ्रेड ब: शिल्लक पाहिली, १ दिसली
    थ्रेड अ: वजाबाकीसाठी शिल्लक वाचली, १
    थ्रेड ब: वजाबाकीसाठी शिल्लक वाचली, १
    थ्रेड अ: ० लिहिलं
    थ्रेड ब: ० लिहिलं
    थ्रेड अ: यादीत नाव घातलं
    थ्रेड ब: यादीत नाव घातलं

शिल्लक ०, म्हणजे नुसता काउंटर बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार. ‘एकने कमी करा’ ही दिसायला एक ओळ असली तरी प्रोसेसरच्या लेखी ती तीन कामं आहेत: मेमरीतून वाचणं, वजा करणं, परत लिहिणं. थ्रेड या तिन्हींच्या मध्ये कुठेही थांबवला जाऊ शकतो. प्रोसेसरला अनेक कोअर (एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे भाग) असतील तर थांबवायचीही गरज नाही, दोघं खरोखरच एकाच क्षणी तिथे पोचतात. यालाच रेस कंडिशन म्हणतात. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडा मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दुपारी एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशाच एका रेस कंडिशनमुळे गप्प झाली होती, आणि ती गप्प झाली आहे हे तिथल्या ऑपरेटरांना बराच वेळ कळलंच नव्हतं.

एका वेळी एकालाच आत सोडायचं, हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये नीट मांडला आणि सोडवून दाखवला. लॉक, म्हणजे एका थ्रेडने घेतलं की तो सोडेपर्यंत बाकीच्यांना थांबवणारं कुलूप, ही कल्पना म्हणून सोपीच आहे. हात अडखळतो तो लॉक कशाला लावायचा हे ठरवताना. बरेच जण कोडच्या ओळींना लॉक लावत सुटतात: इथे धोका वाटतो, लाव लॉक. माझा अनुभव असा की लॉक डेटाला लावायचा असतो, आणि अगदी नेमकं बोलायचं तर डेटामधल्या नात्याला. पुढचं सगळं त्याच अंगाने वाचा.

आधी कागद घ्या

एकही लॉक लिहिण्याआधी प्रोग्राममधल्या डेटाची यादी करा आणि प्रत्येकापुढे दोन प्रश्न लिहा. हा डेटा एकाहून जास्त थ्रेडच्या हाताला लागतो का? तयार झाल्यावर तो बदलतो का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तरच तो आपला विषय. फंक्शनमधलं स्थानिक व्हेरिएबल बाहेर कुणाला दिलेलं नसेल तर ते त्या थ्रेडचं खासगी असतं. थ्रेड सुरू होण्याआधी वाचून ठेवलेली आणि नंतर कुणीही न बदलणारी सेटिंग्ज सगळ्यांनी खुशाल वाचावीत.

यादीतून निसटतात ते नेहमीचेच: स्टॅटिक व्हेरिएबल, ‘जरा वेग यावा’ म्हणून मध्येच घातलेलं कॅश, सगळ्यांसाठी एकदाच बनवलेल्या ऑब्जेक्टमधली फील्ड्स, आणि थ्रेडला दिलेल्या लॅम्डाने (बिननावाच्या फंक्शनने) बाहेरून पकडून आणलेली व्हेरिएबल्स. तारीख फॉरमॅट करणारं जावाचं जुनं सिंपल-डेट-फॉरमॅट याचं नमुनेदार उदाहरण. दिसायला निरुपद्रवी, पण आत स्वतःची स्थिती बाळगतं, आणि दोन थ्रेडनी ते एकत्र वापरलं की भलत्याच तारखा देतं.

ही यादी छाटता आली तर जरूर छाटा. प्रत्येक थ्रेडला स्वतःची प्रत देणं, किंवा डेटा एकाच थ्रेडकडे ठेवून बाकीच्यांनी त्याला रांगेतून निरोप पाठवणं, यात लॉकचं ओझं पुष्कळ कमी होतं.

नातं शोधा

आपल्या यादीत दोन गोष्टी उरल्या: शिल्लक आणि नावांची यादी. त्या वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांच्यात एक करार आहे:

    शिल्लक + यादीतली नावं = २००

हा करार प्रोग्राममध्ये बहुधा कुठेच लिहिलेला नसतो, आणि तोच मोडतो. म्हणून शिल्लक आणि यादी या दोघांना मिळून एक लॉक. दोघांना वेगवेगळे लॉक दिले, किंवा शिल्लक अ‍ॅटॉमिक केली (म्हणजे तिचा वाच-वजा-लिही हा बदल मध्ये न तुटता होईल असं केलं) आणि यादी ‘थ्रेड-सेफ’ प्रकारची (जिची एकेक क्रिया अनेक थ्रेडसाठी सुरक्षित असते अशी) घेतली, तरी शिल्लक घटली आहे पण नाव अजून चढलेलं नाही असा क्षण उरतोच. अहवाल काढणारा थ्रेड नेमका त्या क्षणी आला तर त्याला बेरीज १९९ दिसेल.

‘आम्ही कन्करंट हॅशमॅप वापरलाय, मग लॉक कशाला?’ हे वाक्य (कन्करंट हॅशमॅप म्हणजे किल्लीवरून व्हॅल्यू देणारी, थ्रेड-सेफ साठवण) मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी सरळ कोड मागतो. त्यात हमखास सापडतं ते हे: आधी ‘ही किल्ली आहे का’ विचारलंय आणि पुढच्या ओळीत ‘नसेल तर घाल’ म्हटलंय. दोन्ही क्रिया सुट्या सुट्या सुरक्षित आहेत, जोडी नाही. ‘नसेल तरच घाल’ हे एकाच हाकेत करणारी मेथड त्या मॅपमध्ये असते, ती वापरायची.

लॉक जाहीर कराल त्याच ओळीच्या वर कॉमेंट लिहा: ‘हा लॉक शिल्लक आणि यादी यांची राखण करतो.’ अशी एक ओळ लिहिता येत नसेल तर तो लॉक काय करतोय हे तुम्हालाही ठाऊक नाही. रस्टमध्ये ही कॉमेंट भाषेतच मुरलेली आहे. तिथे डेटा म्यूटेक्सच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या लॉकच्या) पोटात ठेवतात आणि लॉक घेतल्याशिवाय त्याला हातच लागत नाही. बाकीच्या बहुतेक भाषांत डेटा आणि लॉक शेजारी शेजारी नुसते उभे असतात; त्यांचं नातं पाळणं आपल्या शिस्तीवर.

लॉक घेणं, आणि न चुकता सोडणं

आता तोच कोड:

    जागा_द्या(नाव):
        लॉक घेऊन:
            जर शिल्लक == ०: ‘नाही’ परत द्या
            शिल्लक = शिल्लक − १
            यादीत नाव घाला
        ‘मिळाली’ परत द्या

तपासणी लॉकच्या आत आहे हे पाहा. ती बाहेर राहिली तर लॉक असून नसल्यासारखा.

मधूनच ‘नाही’ म्हणून बाहेर पडलो किंवा यादीत नाव घालताना एक्सेप्शन (काम अर्ध्यावर तोडणारी चूक) आलं, तर लॉक कोण सोडणार? हाताने घेतलेला आणि हाताने सोडलेला लॉक इथेच अडकतो, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक थ्रेड दारात बसून राहतो. म्हणून भाषेने दिलेली सोय वापरा: पायथनमध्ये विथ, जावात सिंक्रोनाइज्ड किंवा ट्राय-फायनली, गोमध्ये डिफर, सी प्लस प्लसमध्ये लॉक-गार्ड. सी प्लस प्लसवाल्यांनी एक जपावं. युनिक-लॉक लिहून कंसात म्यूटेक्स दिला, पण त्या गार्डला स्वतःचं नाव द्यायचं राहिलं, तर कंपायलर त्या ओळीचा अर्थ ‘म्यूटेक्सच्याच नावाचं एक नवं, रिकामं युनिक-लॉक’ असा घेऊ शकतो. कोड कंपाइल होतो, चालतो, आणि लॉक कधी घेतलाच जात नाही.

लॉक सुटल्यावर डेटा सुसंगत उरतो का, हा प्रश्न मात्र या सोयी सोडवत नाहीत. शिल्लक घटली आणि यादीत नाव घालताना एक्सेप्शन आलं, तर लॉक शिस्तीत सुटेल आणि मागे मोडलेला करार ठेवून जाईल. जे फसू शकतं ते आधी करा, काउंटर शेवटी हलवा.

वाचणाऱ्यालाही लॉक लागतो

इथे सगळ्यात जास्त वाद होतो. ‘मी तर फक्त वाचतोय, बदलत कुठे आहे?’ पहिलं कारण वर आलंच: अर्धवट झालेला बदल दिसतो. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. कंपायलर आणि प्रोसेसर दोघंही आपल्या सोयीने वाचण्या-लिहिण्याचा क्रम बदलतात, व्हॅल्यू रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत) धरून ठेवतात. लॉक घेणं आणि सोडणं यांचं अर्धं काम एकालाच आत सोडणं हे असतं. उरलेलं अर्धं म्हणजे आधीच्याने सोडण्यापूर्वी जे जे लिहिलं ते नंतर तोच लॉक घेणाऱ्याला दिसेल याची हमी. ‘थांब’ असा साधा बूलियन (हो-नाही व्हेरिएबल) ठेवून दुसरा थ्रेड तो लॉकशिवाय लूपमध्ये बघत बसला, तर तो कधीच न थांबण्याची शक्यता खरी आहे. जावातलं एकेकाळचं लोकप्रिय ‘डबल-चेक्ड लॉकिंग’ (आधी लॉकशिवाय बघायचं, गरज वाटली तरच लॉक घेऊन पुन्हा बघायचं) याच कारणाने मोडकं होतं. २००४ मध्ये जावा ५ सोबत मेमरी मॉडेल (एकाने लिहिलेलं दुसऱ्याला कधी दिसेल याचे नियम) दुरुस्त झालं, तेव्हापासून ते चालतं, तेही फील्डला व्होलाटाइल (लिहिलेलं इतर थ्रेडना दिसेल याची हमी देणारी खूण) लावलं तरच.

वाचतानाची आणखी एक गळती:

    नावं_द्या():
        लॉक घेऊन:
            यादी परत द्या

लॉक आहे, तरी उपयोग नाही. मूळ यादीचा पत्ताच बाहेर गेला, आता घेणारा तिच्यावरून लॉकशिवाय फिरणार. प्रत काढून द्या.

कोणता लॉक, कुणाच्या मालकीचा

हे पटकन उरकतो. लॉक खासगी ठेवा आणि तो ऑब्जेक्ट कधी बदलणार नाही असं बघा. जावात मोजणीच्या इंटिजर ऑब्जेक्टवरच सिंक्रोनाइज्ड लावणारे भेटतात. एकने वाढवलं की ते व्हेरिएबल नव्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवू लागतं, म्हणजे पुढचा थ्रेड वेगळ्याच दाराला कुलूप लावतो. वर −१२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर ऑब्जेक्ट जावा साठवून ठेवते आणि सगळ्यांना तेच देते, त्यामुळे कोडच्या भलत्या कोपऱ्यातल्या माणसाशी तुमचा लॉक जुळू शकतो.

ज्याने घेतलाय त्यालाच पुन्हा घेऊ देणारा रीएंट्रंट लॉक जावाच्या सिंक्रोनाइज्डमध्ये मिळतो. गोच्या म्यूटेक्समध्ये आणि पायथनच्या साध्या लॉकमध्ये नाही. तिथे लॉक धरून स्वतःच्याच लॉकवाल्या मेथडला हाक मारलीत की थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसतो. रीड-राइट लॉक (अनेकांना एकत्र वाचू देणारा, लिहिणाऱ्याला मात्र एकट्यालाच आत सोडणारा) वाचणारे खूप, लिहिणारे विरळा आणि वाचन लांबलचक असेल तेव्हाच घ्या. छोट्या कामाला साधा लॉकच बरा पडतो. आणि एकटाच काउंटर असेल, त्याचं कुणाशी नातं नसेल, तर अ‍ॅटॉमिक पुरे.

किती वेळ धरायचा

‘लॉक हळू असतो’ या धास्तीने कोड वाकडा करू नका. लिनक्सवर कुणी आधीच धरून बसलेलं नसेल तर म्यूटेक्स कर्नलपर्यंत (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत) जातच नाही, एका अ‍ॅटॉमिक सूचनेत काम भागतं. महाग असतं ते वाट बघणं. म्हणून लॉक धरलेला असताना नेटवर्क, डिस्क, ईमेल, डेटाबेस यांना हात लावू नका. जागा लॉकच्या आत द्या, पुष्टीचा ईमेल बाहेर आल्यावर पाठवा.

आणखी एक गोष्ट, जी कोड वाचताना डोळ्याला खटकतच नाही: लॉक धरून दुसऱ्याने दिलेलं कॉलबॅक (‘असं झालं की हे चालव’ म्हणून दिलेलं फंक्शन) चालवणं. त्या कॉलबॅकमध्ये काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. ते अर्धा मिनिट झोपेल, दुसरा लॉक मागेल किंवा परत तुमच्याच मेथडला हाक मारेल. कुणाला कळवायचंय त्यांच्या यादीची प्रत लॉकमध्ये काढा, लॉक सोडा, मग एकेकाला हाक मारा.

लॉक धरणारा बिनमहत्त्वाचा असला म्हणजे धोका नाही असंही नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान मध्येच रीसेट होऊ लागलं. कमी प्राधान्याच्या एका कामाने म्यूटेक्स धरला होता, सर्वांत महत्त्वाचं काम त्याच्यासाठी ताटकळत होतं, आणि मधल्या प्राधान्याची कामं धरणाऱ्याला चालूच देत नव्हती. महत्त्वाचं काम वेळेत होत नाही असं दिसलं की यान स्वतःला रीसेट करी. म्यूटेक्सवर ‘प्रायॉरिटी इनहेरिटन्स’ (धरणाऱ्याला तात्पुरतं वाट बघणाऱ्याचं प्राधान्य देणं) चालू करून पृथ्वीवरूनच ती दुरुस्ती केली गेली.

दोन लॉक एकत्र लागले तर

आता दोन खेळ आहेत, प्रत्येकाच्या जागा वेगळ्या आणि लॉकही वेगळा. प्रेक्षकाला दुपारच्या खेळातून संध्याकाळच्या खेळात हलवायचंय. एकीकडून नाव काढणं आणि दुसरीकडे घालणं हे एकसंध दिसायला हवं, म्हणून दोन्ही लॉक लागतात. सरळ मनाने लिहिलेला कोड असा:

    हलवा(कुठून, कुठे, नाव):
        कुठून.लॉक घेऊन:
            कुठे.लॉक घेऊन:
                ...

एक थ्रेड दुपारकडून संध्याकाळकडे निघाला, दुसरा उलटा. पहिल्याने दुपारचा लॉक धरला, दुसऱ्याने संध्याकाळचा, आणि आता दोघंही समोरच्याची वाट बघतायत. हा डेडलॉक. सीपीयू शांत, लॉगमध्ये एक ओळ नाही, एरर नाही.

कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये डेडलॉकच्या चार अटी मांडल्या: वस्तू एका वेळी एकाचीच, एक धरून दुसरीची वाट बघणं, हातातली हिसकावता न येणं, आणि वाट बघणाऱ्यांचं चक्र. चारांतली एक मोडली तरी काम होतं. व्यवहारात मोडायला सोपी शेवटची: सगळ्यांनी लॉक एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यायचे.

    हलवा(कुठून, कुठे, नाव):
        जर कुठून.क्रमांक == कुठे.क्रमांक: परत फिरा
        पहिला, दुसरा = क्रमांकाने लहान, क्रमांकाने मोठा
        पहिला.लॉक घेऊन:
            दुसरा.लॉक घेऊन:
                जर कुठे.शिल्लक == ०: ‘नाही’ परत द्या
                कुठून मधून काढा, कुठे मध्ये घाला

पहिली ओळ विसरू नका. दोन्ही खेळ एकच निघाले तर साधा लॉक दुसऱ्यांदा मागताना थ्रेड तिथेच रुतेल. सी प्लस प्लस १७ मधल्या स्कोप्ड-लॉकला दोन्ही म्यूटेक्स एकदम दिले तर डेडलॉक टाळायचं काम ते स्वतः करतं, पण म्यूटेक्स वेगवेगळे आहेत हे तिथेही तुम्हीच बघायचं. क्रम लावणं शक्यच नसेल तर ‘मिळाला तर घे, नाहीतर हातातलं सोडून पुन्हा ये’ हा ट्राय-लॉकचा मार्ग उरतो. पुन्हा येताना दोघंही तेवढाच वेळ थांबले तर पुन्हा तिथेच धडकतील, म्हणून थांबण्याचा काळ रँडम ठेवा.

जागा रिकामी होण्याची वाट बघताना

प्रतीक्षा यादी हाताळणाऱ्या थ्रेडला कुणीतरी आरक्षण रद्द करेपर्यंत थांबायचंय. लूपमध्ये लॉक घे-सोड करत बसणं म्हणजे सीपीयू जाळणं, आणि लॉक धरून झोपणं म्हणजे रद्द करणाऱ्यालाच बाहेर कोंडणं. यासाठी कंडिशन व्हेरिएबल असतं:

    लॉक घेऊन:
        जोवर शिल्लक == ०:
            कंडिशनवर थांबा
        यादीत नाव घाला
        शिल्लक = शिल्लक − १

‘थांबा’ म्हटलं की लॉक आपोआप सुटतो आणि जाग आली की परत घेतला जातो. तिथे ‘जर’ नाही, ‘जोवर’ आहे. हाक ऐकून उठल्यावर लॉक मिळेपर्यंत तिसराच कुणीतरी ती जागा उचलू शकतो. शिवाय हाक नसतानाही उगाच जाग येऊ शकते, अशी मुभा पीओसिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं मानक) आणि जावा दोन्ही स्पष्ट शब्दांत ठेवतात. रद्द करणाऱ्याने शिल्लक लॉकच्या आत वाढवायची आणि मग हाक द्यायची. थांबलेल्यांच्या अटी वेगवेगळ्या असतील तर एकाला नाही, सगळ्यांना उठवा.

बरोबर आहे हे कशावरून?

नुसतं चालवून पाहणं हा पुरावा नाही. माझ्या एका प्रोग्राममध्ये आकडे चुकत होते म्हणून मी मध्ये प्रिंट टाकलं, आणि चूक गायब. प्रिंट काढलं की परत हजर. दोन दिवस गेल्यावर उजेड पडला: प्रिंटच्या पोटात स्वतःचा लॉक असतो, तोच थ्रेडना रांगेत उभं करत होता.

पायथनमध्ये तर जीआयएलमुळे (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणाऱ्या, इंटरप्रिटरच्या आतल्या लॉकमुळे) खोटा दिलासा मिळतो. दोन थ्रेडनी एकच काउंटर लाखो वेळा वाढवण्याचा प्रसिद्ध प्रयोग नव्या आवृत्त्यांत अनेकदा अचूक उत्तर देतो, कारण थ्रेड बदलायचा का हे इंटरप्रिटर ठरावीक ठिकाणीच तपासतो. तपासणी आणि बदल यांच्या मध्ये एखादी फंक्शनची हाक घाला, फट पुन्हा उघडते. थ्रेड बदलण्याचा मूळ अवधी ५ मिलिसेकंदांचा असतो, तो सेट-स्विच-इंटरव्हलने अगदी कमी केला की लपलेल्या चुका लवकर वर येतात. आणि आवृत्ती ३.१३ पासून जीआयएल नसलेलं पायथनही मिळू लागलंय, तेव्हा त्या आधारावर कोड सोडू नका.

सी, सी प्लस प्लससाठी थ्रेड-सॅनिटायझर आणि गोसाठी रेस डिटेक्टर ही हत्यारं रोज वापरा. लॉकशिवाय भिडलेल्या दोन ओळी ती नावानिशी दाखवतात, उत्तर त्या वेळी योगायोगाने बरोबर आलं असलं तरी. मात्र जो रस्ता त्या रनमध्ये धावलाच नाही तो त्यांना दिसत नाही, म्हणून सोबत ताण देणारी चाचणी हवी: ५० थ्रेड, आरक्षण, रद्द, हलवणं सगळं सरमिसळ, आणि मध्ये मध्ये लॉक घेऊन तपासा की शिल्लक आणि नावं मिळून २०० होतायत ना. सुरुवातीला कागदावर लिहिलेला करार इथे जसाच्या तसा चाचणी बनतो.

प्रोग्राम हँग झाला तर लगेच बंद करून पुन्हा सुरू करू नका, आधी सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कोण कुठल्या फंक्शनमध्ये अडकलाय याची यादी) काढा. जावात जेस्टॅक कोणता थ्रेड कोणता लॉक धरून कशाची वाट बघतोय हे सांगतं आणि चक्र सापडलं तर डेडलॉक म्हणून वेगळं छापतं. पायथनमध्ये फॉल्टहँडलर स्टॅक देतो, चक्र तुम्ही शोधायचं. गोचा रनटाइम ‘सगळे झोपलेत’ अशी ओरड करतो, पण खरोखर सगळेच अडकले तर. एकही गोरूटीन (गोमधला हलका थ्रेड) जागं असेल तर तो गप्प.

एक शेवटचं. इथले सगळे लॉक एका प्रोसेसच्या मेमरीत राहतात. उद्या हाच प्रोग्राम दोन सर्व्हरवर चालवला तर प्रत्येकाचा लॉक वेगळा, आणि २०१वं नाव परत येईल. तिथे करार डेटाबेसकडे सोपवावा लागतो. ‘शिल्लक ० पेक्षा जास्त असेल तरच एकने कमी कर’ हे एकाच अपडेटमध्ये लिहा आणि किती ओळी बदलल्या ते विचारा. उत्तर १ आलं तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गटात) नाव घाला; ० आलं तर जागा नाही असं सांगून मोकळे व्हा.